खिळ्यावरची बांगडी

भंडाऱ्याकडची मँगनीजची खदान सोडून धोंडबा भिलाईचा कारखाना बांधायला आला, पण खोड काही सुटली नाही. खदानीत उतरताना पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा, वर आलं की काढायचा. एक जरी बिल्ला लटकलेला दिसला, तर पाळीतलं कोणी घरी जात नसे. इथं क्वार्टरच्या दाराशीही खिळा ठोकून तो ड्यूटीला जाताना जुना बिल्ला लटकवायचा.

"इथं कोनती खदान हाये जी?" बायको रुक्मा हसायची.

बाळंतपणाला दवाखान्यात निघताना मात्र तिनंच गमतीनं एक बांगडी काढून त्या खिळ्याला लावली.

चौथ्या दिवशी ती लेकीला घेऊन परतली, तर धोंडबाचं अंथरूण वरांड्यात! "आत कावून नाई निजले जी?"

 

"बांगडी लटकून होती न तुही. एक जरी खाली असन, त घरी कोन जाते?"