शेवटच्या दाराआड

ॲडलेडच्या पबमध्ये गेमचे समीक्षक जमले होते. आम्ही बनवलेल्या गेमच्या दुसऱ्या भागाला सगळ्यांनी दहापैकी दहा दिले होते. एकट्या टॅम्सिनने सहा देऊन सरळ लिहिलं होतं, ‘शेवटचं दार मला उघडता आलं नाही.’

“अगं, हा गेम म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही!” तिचा संपादक ब्रोडी सगळ्यांसमोर खेकसला. “दाराआडचा तो शेवट बघून मी ढसाढसा रडलो. तू उद्यापासून लहान पोरांच्या गेमवर लिही!”

बाकीचे शहाणे माना डोलवत फिदीफिदी हसले. मी टॅम्सिनशेजारी जाऊन बसले.



“सॉरी गं,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तुम्हा समीक्षकांना पाठवलेल्या गेममध्ये आमच्याच चुकीमुळे ते दार उघडतच नाही. कुणालाच.”