रेघेबाहेर

संगप्पाच्या मांडीवरच्या जखमेभोवती सिस्टर मनकर्णा रोज सकाळी पेनाने रेघ ओढायच्या आणि दुसऱ्या दिवशी जखम रेघेबाहेर गेलेली असायची. विस्तव नाही, ॲसिड नाही, तरी मांडी भाजलेली. आता तर उशीवर केसांचे पुंजके पडू लागले होते.

आज डॉक्टरांना उलगडा झाला. पाइपांचे जोड तपासायच्या यंत्रातून पडलेला चकचकीत तुकडा संगप्पाने कामावर उचलला होता आणि दिवसभर खिशात ठेवला होता. मांडी किरणोत्सर्गाने भाजली होती.

"तो तुकडा आधी शोधा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर आणखी कुणीतरी भाजेल."

नेहमीसारखी उशी सारखी करता करता मनकर्णांनी त्याच्या बायकोला विचारलं, "जगदेवी, घरी त्या तुकड्याला कुणी हात तर लावत नाही ना?"

"घरी कुटं हाय, सिस्टर? हे झोपेत लई दचकत हुते की. उशाला लोखंड असलं म्हंजी बाधा जवळ येत न्हाय. पहिल्या दिवशीच हितं ठिवलंय."

मनकर्णांचा हात, पंधरा दिवस रोज जायचा तसाच, उशीखाली होता. बोटांची आग आठवडाभर होत होती. मनकर्णा साबणाला दोष देत होत्या.