खोकल्याची कॅसेट

"हीच ती जागा. तिसरी रांग, डावीकडून दुसरी खुर्ची," असं म्हणून मास्तर जे सोफ्यावर बसले ते हलेचनात. सभागृहाचं फर्निचरचं दुकान होऊनही दहा वर्षं झाली होती. विक्रेता अदबीने जवळ आला.

"काका, हा उघडला की पलंग होतो."

"असू दे. इथे आम्ही जागायला यायचो," मास्तर म्हणाले.

शेजारी कानसेन हसला. हे त्याचं खरं नाव नव्हे. स्वतःला एक ओळ धड गाता येत नाही, पण ऐकणारा पट्टीचा, म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं. हसताना त्याचा हात मात्र पिशवीत होता आणि पिशवीत मास्तरांची कॅसेट होती. उद्या मास्तर लेकीकडे कायमचे राहायला चालले होते. जाण्याआधी आपलं गाण्याचं गाव एकदा फिरून घेऊ म्हणाले, म्हणून दोघं सकाळपासून पायपीट करत होते. आज ती कॅसेट परत द्यायचीच, असं कानसेन घरून ठरवून निघाला होता.

याच सभागृहात एकदा ऐन मैफलीत वीज गेली. गाणाऱ्या बाई थांबल्या नाहीत. अंधारात, माइकशिवाय पाऊण तास गायल्या. बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर एकट्या मास्तरांकडे होता. मधेच त्यांना ढास लागली, तीही टेप झाली, म्हणून तिचं नाव खोकल्याची कॅसेट. मास्तर ती कुणाला हात लावू देत नसत. कानसेनाने एका दुपारी गुपचूप उचलली. कॉपी करायची आणि संध्याकाळी जागच्या जागी ठेवायची, एवढाच बेत. पण कॉपीत सूर केसभर चढा आला. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता, याला कळला. चांगलं मशीन मिळवू, नीट कॉपी करू, मग ठेवू, असं करता करता चार दिवस गेले. तोवर मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं होतं. धाकटा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा, टेपला हात लागायचे ते त्याचेच, म्हणून आळ त्याच्यावर. तो नाही म्हणाला, पुन्हा नाही म्हणाला, आणि बायकोला घेऊन घराबाहेर पडला. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली.

आता सोफ्यावर सांगून टाकू, असं कानसेनाच्या मनात आलं, पण विक्रेता कापडाचे नमुने घेऊन आला. पुढे कॅसेटच्या दुकानात चष्मे मिळत होते. मास्तरांनी सवयीने काउंटरवर ठेका धरत विचारलं, "नवीन काय आलंय?" मुलीने दोन फ्रेमा काढल्या, त्यांनी त्या लावूनही बघितल्या. ज्या जिन्याखाली उभं राहून ते एका गवयाचा रियाज चोरून ऐकत, तिथे वर दातांचा दवाखाना निघाला. जिन्याखाली हे दोन म्हातारे डोळे मिटून उभे बघून नर्स खाली आली आणि म्हणाली, "फार दुखतंय का?" मास्तर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. अशा हसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? कानसेनाला स्वतःची किळस आली, आणि तरी तो त्यांच्याबरोबर हसला.

"आता शेवटचं एक घर," मास्तर काठी टेकत उठले. "धाकट्याकडे."

दारात सांगू, त्याच्यासमोरच सांगू, म्हणजे एकदाच काय ते होईल, असं कानसेन वाटभर मनाला बजावत राहिला.

दार भावानेच उघडलं. तोही पिकला होता. मास्तर उंबऱ्याबाहेरच थांबले.

"उद्या मी चाललोय रे. परत येणं होईल असं वाटत नाही. एकदाच खरं सांग. ती कॅसेट तू घेतली होतीस ना?"

पिशवीत कानसेनाने कॅसेटची डबी घट्ट धरली. तोंड उघडलं. पण भाऊ आधी बोलला. मास्तरांच्या थरथरणाऱ्या काठीकडे बघत बोलला.

"हो दादा. मीच घेतली होती. टेपमध्ये अडकून तुटली. भीतीने बोललो नाही."

मागून त्याची बायको म्हणाली, "अहो, पण तुम्ही तर…"

"तू चहा टाक," भाऊ म्हणाला.

मास्तरांनी काठी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी भावाला धरलं. "गाढवा, एवढंच तेव्हा बोलला असतास तर? कॅसेटचं काय घेऊन बसलास! मी काय खाणार होतो तुला?" ते रडत होते, आणि सुटल्यासारखे हसतही होते. भावाने कॅसेट घेतली नव्हती हे जगात तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली दोघं नवरा-बायको ते सांगणार नव्हती. कानसेनाने तोंड मिटलं. आता बोललो तर या दोघांना पुन्हा कोण जवळ आणणार, असं त्याने स्वतःला समजावलं. ते खरंही होतं, आणि किती सोयीचं आहे हेही त्याला कळत होतं.

"आणि ह्याची पण माफी माग," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "माझ्यापायी हाही तुझ्याशी इतकी वर्षं बोलला नाही."

भाऊ कानसेनाजवळ आला आणि त्याने हात पुढे केला. कानसेनाला डबी सोडून पिशवीतून हात बाहेर काढावा लागला.

"माफ करा," भाऊ म्हणाला.

मास्तर दोघांकडे बघत होते.

"केलं," कानसेन म्हणाला.