सकाळचं मागणं

"वैनी, तुमच्या देवाला सांगा, माझ्या म्हशीला सोड म्हनावं."

गजा अंगणाच्या बाहेरच उभा होता. छायाने आणि तिच्या नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यापासून हा चुलत दीर त्यांच्या अंगणात पाय ठेवत नव्हता. आज म्हैस मरायला टेकली, तरी त्याच्या चपलेचं टोकसुद्धा आत आलं नव्हतं. वा रे वा! अंगण चालत नाही, देव मात्र हिचा हवा.

छाया ओटीवर बसली होती. सकाळपासून ती तिथून हललीच नव्हती म्हणा ना. नवरा मोहोपाड्याला कंपनीत पाळीवर गेलेला; त्याला अजून काही सांगितलंही नव्हतं. पहाटे गजाची म्हैस तिच्या वालाच्या शेतात शिरली आणि सगळं चरून गेली. शेंगा भरल्या होत्या. चार दिवसांत पोपटी लावायची, मडक्यात शेंगा भाजून पोटभर खायच्या, उरलेला वाल सुकवून वर्षाचं कालवण करायचं, असं सगळं मनात ठरलेलं होतं. कुंपणाच्या काट्या मोडलेल्या नव्हत्या. त्या उचलून नीट बाजूला ठेवलेल्या होत्या. आता म्हैस काही काट्या उचलून बाजूला ठेवत नाही.

"काय झालं तिला?" छायाने विचारलं.

"फुगलीय. नगाऱ्यावानी. भगत येऊन अंगारा लावून गेला. तो म्हनतो, जिचं खाल्लं तिनंच धरलीय." गजाचा आवाज फाटला. "वासरू लहान हाय वो तिचं. तुमी काय मागितलंत येशूकडं, तेवढं तरी सांगा."

छायाने मागितलं होतं. सकाळी त्या उजाड शेतात ती रडली नव्हती, कुणाच्या नावाने ओरडली नव्हती. नुसती म्हणाली होती, प्रभू, ही म्हैस मरू दे, त्याच्या डोळ्यांदेखत मरू दे. रविवारी शिळफाट्याला भाड्याच्या खोलीत त्यांची मंडळी प्रार्थनेला भरते. तिथे पास्टर सांगतात, तुम्हाला छळणाऱ्याचंही भलं मागा, मन कडू होऊ देऊ नका. पास्टरांचं काय जातंय सांगायला! त्यांनी कधी वाल पेरलाय?

आता तिला बरं वाटायला हवं होतं. मागितलं ते मिळत होतं. पण कसलं बरं आणि कसलं काय. तिला शीण आला होता. गजाचा आला होता, भावकीचा आला होता, आणि सगळ्यात जास्त, सकाळपासून पोटाशी धरून बसलेल्या त्या मागण्याचा आला होता.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. घरातून गोड्या तेलाची बाटली आणि हिंगाची डबी घेऊन आली.

"हिरवा वाल पोटभर खाल्लाय तिनं. वारा धरलाय पोटात. चला."

"म्हंजे करनी नाय?"

"भावजी, आधी चला तर!"

गोठ्यात म्हैस पाय फाकून उभी होती. डावी कूस वर आलेली, जीभ बाहेर. वासरू लांब बांधलेलं होतं आणि सारखं हंबरत होतं. गजाची आई आनंदीबाई कपाळाला हात लावून बसली होती. छायाच्या हातातली बाटली बघून ती ताडकन उठली.

"हिच्या हातचं नको रं गजा! आपन पानी घेत नाय हिच्या हातचं."

"आये, तेल म्हैस पिनार हाय, तू नाय. गप बस गं."

छायाने आणि गजाने मिळून म्हशीचे पुढचे पाय उंचवट्यावर घेतले. तिच्या तोंडात आडवी काठी बांधली. छायाने तेलात हिंग कालवलं आणि बांबूच्या नळकांड्याने थोडं थोडं करून पाजलं. बाटली रिकामी झाली. मग ती डाव्या कुशीला दोन्ही हातांनी चोळायला लागली. चोळता चोळता तिचे ओठ हलत होते.

गजा घाबरून बघत होता. "वैनी, मंतर म्हनताय?"

"मंतर नाय." तिने हात थांबवला नाही. "सकाळी हिचं मरन मागितलं व्हतं. ते मागं घेतेय."

गजाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काट्या कुणी उचलल्या ते तो बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. जरा वेळाने तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही कुशीला हात लावला आणि ती चोळत होती तसं चोळायला लागला.

बराच वेळ काहीच झालं नाही. छायाचे दंड भरून आले. मग म्हशीने मान लांब केली आणि ढेकर दिला, असा मोठा की वासरू हंबरायचं थांबलं. पाठोपाठ आणखी एक. गोठाभर हिरव्या वालाचा वास पसरला.

आनंदीबाईने लांबूनच हात जोडले, आता कुठल्या देवाला ते तिचं तिला ठाऊक.

छायाने दंडाला कपाळ पुसलं. नाकात तोच वास होता.

"दाना चांगला भरला व्हता," ती म्हणाली, आणि पुन्हा चोळायला लागली.