रिकाम्या जाळ्यांचे दिवस

बोईसरजवळच्या माहीमच्या मासळीचा अहवाल वाचून स्नेहाचं डोकं फिरलं. "रोजची सरासरी चाळीस किलो? आमच्या होडीची?" मासेमारी खात्याच्या बोईसरच्या ऑफिसातले साहेब शांतपणे म्हणाले, "सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही." तिनं फाइल उघडायला लावली. आई रोजची मासळी लिहायची त्या वहीतले सातशे दिवस तिनंच टाइप करून दिले होते. सॉफ्टवेअरमध्ये आले होते तीनशेच. फाइल आत घेणारी स्क्रिप्ट आकडा नसलेली ओळ गाळून टाकत होती. आणि जाळं रिकामं आलं की आई शून्य लिहीतच नसे. शून्य लिहिलं तर दर्या रुसतो, म्हणून 'दर्याकडे' एवढंच लिहायची, म्हणजे आजची मासळी दर्यानं ठेवून घेतली. "म्हणजे आमचे उपाशी दिवसच तुम्ही कचऱ्यात टाकलेत!" स्नेहा कडाडली. साहेब वरमले. "तिथे शून्य घालू?"  स्नेहानं शेजारी बसलेल्या आईकडे, हंसाकडे पाहिलं. इतका वेळ वही छातीशी धरून बसलेली हंसा उठली. "घाला शून्य. दर्या कवाच रुसलाय."