तेरा नंबरचा पाना

"मार," ट्रकखालून तानाजीचा आवाज आला.

मालननं चावी फिरवली. टक्. इंजिन ढिम्म.

"परत मार."

टक्.

"मारताना समोरचा लाल दिवा मंद होतो का गं?"

दिवा पार विझायला आला होता. "नाही हो. आहे तसाच आहे," मालन म्हणाली.

सात वाजून गेले होते. ठाकुर्लीला वर्षातून चार दिवस थंडी पडते आणि त्या चार दिवसांत सगळं तिच्यावर ढकलायची सोय होते. कानटोपी घातलेला वॉचमन राघो वाकून बघत म्हणाला, "थंडीनं बॅटरी आखडली असणार, तानाजीराव." मालनला तो देवासारखा वाटला.

बॅटरीला काही झालं नव्हतं. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं चासीला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, आवळलेली असते, तो बोल्ट उजाडायच्या आत मालननंच खाली उतरून दोन फेरे ढिला केला होता. तेरा नंबरचा पाना अजून तिच्या स्वेटरच्या खिशात होता. ट्रकवाल्याशी तीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं कळतंच, की अर्थिंग ढिली असली की दिवा मंदावतो, गाडी टक् करते आणि पुढं काही करत नाही.

कारण साधं होतं. आज वागळे इस्टेटमधून माल भरून नाशिकला जायचं होतं, आणि मधे कसारा घाट होता. गेल्या आठवड्यात तानाजीनं त्याच घाटातून गाडी बाजूला घेऊन तिला फोन केला, आणि 'कांदे संपले का' यावर दहा मिनिटं बोलला. फोनवर 'पोचलो' याच्यापुढं शब्द न खर्चणारा माणूस. परवा न्हाणीघरात भिंतीला धरून उभा दिसला. विचारलं तर म्हणाला, पाय घसरला. फरशी कोरडी होती.

कल्याणच्या डॉक्टरांनी दोनदा बोलावलं होतं, दोन्ही वेळा यानं भाडं घेतलं. आज तिसऱ्यांदा नंबर होता, अकराचा. "तीस वर्षांत महेंद्रशेठच्या भाड्याला मी नाही म्हटलं नाही," रात्री जेवताना त्यानं सांगितलं होतं. "लोक म्हणतील, तानाजी बसला." वाद घालून उपयोग नव्हता. मालननं ताट उचललं आणि घड्याळाचा गजर लावला.

धोका एकच होता. तानाजीच्या हातून बिघाड सुटत नसे. शिवाय त्याची एक खोड होती. जो बोल्ट आवळेल, त्यावर तो नातीच्या, सान्वीच्या, लाल नेलपॉलिशची रेघ ओढायचा, अर्धी बोल्टवर, अर्धी लोखंडावर. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट हलला. म्हणून मालननं त्या तुटक्या रेघेवर बोटभर ग्रीस फासून ठेवलं होतं.

"तेराचा पाना बघितलास का?" खालून प्रश्न आला.

"मी कशाला बघू? मला काय तेरा नि चौदा."

"बरं."

एक पाना इकडचा तिकडे झाला तर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण नुसता बरं म्हणाला. थंडीनं यांचाही आवाज बसला वाटतं, मालन मनात म्हणाली.

"स्क्रू-पान्यानं भागवतो, तो कुठल्याही नंबरला बसतो. तू जा, चहा टाक. आलं घाल. आणि निवांत कर, घाई नको."

ती कप घेऊन आली तेव्हा तो हात पुसत उभा होता. ट्रकखाली बघायचं धाडस तिला झालं नाही. चहा संपवून तो परत खाली शिरला.

"मार."

टक्. या वेळी दिवा मंदावला नाही, लख्ख राहिला. आता खोटं बोलावं लागणार नाही, याचंच मालनला बरं वाटलं.

"मंद होतो का?"

"नाही. देवाशप्पथ."

"मग स्टार्टर गेला," तानाजी बाहेर येत म्हणाला. एवढ्या झटकन निकाल? एरवी स्टार्टर उतरवून, त्याचे चार भाग पेपरवर मांडल्याशिवाय हा माणूस गेला म्हणायचा नाही. पण नवसाला पावलेल्या देवाला कोण उलटतपासणी करतं?

त्यानं फोन लावला. "महेंद्रशेठ, गाडी टक् करून थांबतेय, स्टार्टर गेला. दुसरी गाडी बघा आज... अहो, मी कसला आजारी? मी तर पहाटेपासून जागा आहे. मी तयार, पण गाडीच नाही म्हणते, तिला काय करू?"

फोन ठेवून तो म्हणाला, "आता दिवस वायाच गेला. त्या तुझ्या डॉक्टरकडं तरी जाऊन येऊ. नाहीतर तू डोकं खाशील."

"मी काही बोलले का?"

"अंघोळ करून येतो. फाइल शोधून ठेव."

फाइल कालच पिशवीत भरलेली होती. तो जिना चढून दिसेनासा झाल्यावर मालन पदर खोचून ट्रकखाली शिरली. बोल्ट आवळून ठेवायला हवा होता. संध्याकाळी तो पुन्हा बघायला बसला तर चोरी उघडी पडली असती. तिनं खिशातून पाना काढून बोल्टला लावला आणि जोर केला.

बोल्ट हलेना.

ग्रीस कुणीतरी स्वच्छ पुसलेलं होतं. बोल्टवरून लोखंडापर्यंत नेलपॉलिशची ताजी, अखंड रेघ ओढलेली होती.

मालन तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिनं मान वळवून स्टार्टरकडं पाहिलं. त्यावरच्या जाड वायरीचा नट चांगला तीन फेरे बाहेर आला होता. त्याची लाल रेघ मधोमध तुटली होती.

त्या नटाला मालननं हातसुद्धा लावला नव्हता.