मंडळाची तपासणी

"जरा खिडकीपर्यंत चालून ये बघू."

सुमनबाईंनी सुनंदाला असं सांगितलं तेव्हा आपल्या ऐकण्यात चूक झाली असंच यशोदाला वाटलं. धुळ्याच्या कॉलेजातल्या भगिनी मंडळाची यशोदा चिटणीस. सुमनबाई अशा साऱ्या मंडळांवर देखरेख ठेवणाऱ्या मध्यवर्ती समितीच्या अध्यक्ष. वर्षाच्या तपासणीला आल्या होत्या. मुलींचं मागणं एवढंच होतं की, पुण्याच्या वादविवाद स्पर्धेला सुनंदाला पाठवायची परवानगी द्या.

सुनंदा चालली. सुमनबाईंच्या थोरल्या बहीण सुगंधाबाई कोपऱ्यातून तिची पावलं न्याहाळत होत्या.

"पदर सरकाव. केस दखू दे," त्या म्हणाल्या.

"बाई, स्पर्धेचे मुद्दे सांगू का?" सुनंदानं विचारलं.

"आता स्पर्धा कशाला?" सुमनबाई हसल्या. "तुझ्या वडिलांशी बोलणं झालंय. आमच्या सुगंधाताईच्या लीलाधरनं तुला गॅदरिंगमध्येच पसंत केलं. बाहेर जीपमध्ये बसलाय, लाजतो."

यशोदाला आठवलं. गेल्या वर्षी तपासणी झाली आणि महिन्याभरात ताईबाईचं कॉलेज सुटलं, लग्न ठरलं म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी भिकू नावाच्या मुलीचं. तपासणीच्या वेळी दोघींना गाणं म्हणायला यशोदानंच हौसेनं पुढं केलं होतं. 

ती उठली आणि थेट बाहेर पडली. तिच्यामागं एकेक करत साऱ्या मुली.

जीपमध्ये लीलाधर हातरुमालानं मान पुसत होता.

"उतरा," यशोदा म्हणाली.

तो उतरला.

"त्या निंबापर्यंत चालून दाखवा."

त्यानं व्हरांड्याकडं पाहिलं. तिथं त्याच्या मावशी, सुमनबाई, येऊन उभ्या होत्या. तो चालला. कुणीही हसलं नाही.

"आता टोपी काढा. केस बघू."

"मंडळ बरखास्त!" सुमनबाई किंचाळल्या. "आत्ताच्या आत्ता बरखास्त! आणि सुनंदा, तुझा बाप उद्या येऊन तुला घेऊन जाईल, बघच तू."

जीप धुरळा उडवत निघून गेली. मुलींनी श्वास सोडला. सुनंदा मात्र यशोदासमोर येऊन उभी राहिली. संतापली की ती घरच्या बोलीत यायची.

"तुना राग निघी गया. बापले तोंड तं माले देनं पडी."

वडिलांना तोंड सुनंदालाच द्यावं लागणार होतं. खरंच होतं ते. पण यशोदाच्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या.

"नाही निघाला," ती म्हणाली. मग बाकीच्यांकडं वळली. "सुनंदाच्या घरी, शिंदखेड्याला, कोण कोण येतंय?"

संध्याकाळच्या एस.टी.त सुनंदा खिडकीशी बसली. शेजारी यशोदा. मागचे बाक मुलींनी भरले. एवढ्या पोरी एकदम पाहून कंडक्टर खुलला.

"बठ्ठ्या लगीनले चालन्यात का?"

"नही," सुनंदा म्हणाली. "मोडाले."